अण्णांचं रीळ, माझी बॉबिन

पितृपक्ष लागला की मला आनंद होतो. हे वाक्य चारचौघांत बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहून टाकतो. आमच्या घरी पितरांना पान वाढत नाहीत. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हाच ते थांबलं. पण माझी गिऱ्हाइकं पान वाढतात, आणि त्या पंधरवड्यात ती नवीन ऑर्डर देत नाहीत. वर्षभर कानाशी केकाटणारा फोन अचानक सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा गप्प बसतो. म्हणजे आयुष्यभर मी सुट्टी घेतली ती दुसऱ्यांच्या पितरांच्या कृपेने. त्यांचे आभार मानायचे तरी कोणत्या तोंडाने?

आणि दिवस काय सुंदर असतात! पाऊस येतो, पण कामावरून सुटलेल्या माणसासारखा, घाई नसलेला. उल्हास नदीचं लाल पाणी आधी चहाच्या रंगाचं होतं, मग एका सकाळी हिरवं. काठाला तेरडा फुललेला असतो, गवताची कुसळं पॅंटला चिकटून घरापर्यंत येतात, पोटरीला आलेल्या भाताचा दुधाळ वास बेलवलीच्या बाजूने वाऱ्यावर येतो. चतुर हवेत एका जागी थांबून माणसाकडे बघतात. अशा हवेत माणसाने भांडू नये. मी मात्र माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भांडण याच हवेत केलं.

ते आठवायला यंदा एक दुकानदार कारणीभूत झाला. अंबरनाथ पूर्वेला छत्रीची काडी बसवून घ्यायला गेलो होतो. शेजारच्या दुकानात मासेमारीचं सामान टांगलेलं. काचेत एक रीळ होतं. काठीच्या वर आडवं बसतं तसलं, विहिरीवरच्या रहाटासारखं. गळ फेकला की त्यातली फिरकी गरगरते, दोरी सुटत जाते, आणि फेकणाऱ्याने अंगठा फिरकीवर टेकवून तिला आवरायचं असतं. मी ते हातात घेतलं.

"काका, फुल ग्रॅफाइट बॉडी आहे. एकदम हलकं."

"ग्रॅफाइट म्हणजे प्लास्टिकच ना?"

"तसं नाही, काका..."

"तसंच आहे. गिअर कशाचे?"

"ब्रासचे."

"आणि फिरकीच्या कडा?"

"अॅल्युमिनियम."

माझा पाराच चढला. "अरे, हे आम्ही कॅम्प चारमध्ये केलं होतं! तू जन्मला नव्हतास तेव्हा!" मी खरोखर रागावलो होतो. त्याला वाटलं मी भाव पाडतोय. त्याने आपणहून पन्नास रुपये कमी केले. इतक्या वर्षांच्या धंद्यात माझा राग इतक्या पटकन कधी वटला नव्हता.

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये माझा गाळा होता. दहा बाय पंधरा, वर पत्रे, आत दोन हँड मोल्डिंग मशीन. वरून प्लास्टिकचा दाणा ओतायचा, तो हिटरवर वितळायचा, आणि दांडा ओढला की खाली डायमध्ये, म्हणजे साच्यात, जाऊन वस्तू होऊन बाहेर यायचा. कंगवे, कपड्यांचे चिमटे, शिंप्यांच्या दोऱ्याच्या बॉबिनी. सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या मशीनचा दांडा ओढायला लागलो आणि सव्विसाव्या वर्षी माझ्या मशीनचा. मधली दहा वर्षं कशी गेली ते माझ्या उजव्या खांद्याला विचारा. तापलेल्या प्लास्टिकचा गोडसर वास माझ्या शर्टांना कायमचा लागला होता, आणि मला तो आवडायचा. अजून आवडतो.

माझं लग्न ठरलं तेव्हा सासरे नुकतेच अंबरनाथच्या एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांना एक सवय होती. कोणतीही वस्तू समोर आली की ते नखाने वाजवत. टिंग वाजलं की पितळ, टण् वाजलं की बीड, आणि त्यात भेग असली तर तीही त्यांना ऐकू यायची. साखरपुड्याला त्यांच्या घरी चाळीस-एक पाहुणे होते. मी दाराबाहेर वाकून चप्पल काढत होतो, तेव्हा आत कुणीतरी विचारलं, "मुलगा कसा आहे?" अण्णा म्हणाले, "मुलगा चांगला आहे. फक्त प्लास्टिकमध्ये आहे."

मुलगा चांगला आहे, फक्त एका पायाने अधू आहे, असं म्हणावं तसं. चाळीस माणसं हळहळली. मी एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन उभा. परत फिरणार होतो. पण आतून माझी होणारी बायको, सुनंदा, बघत होती आणि हसू दाबत होती. त्या हसण्यासाठी मी आत गेलो. वाक्य मात्र तिथेच उंबऱ्यावर उचललं आणि खिशात घातलं. ते परत घ्यायला लावीन, असं स्वतःलाच सांगितलं.

निवृत्तीनंतर अण्णांनी बदलापूरला, बेलवलीत, दोन खोल्यांचं घर बांधलं. सासूबाई आधीच गेल्या होत्या. अण्णांना आता दोनच सोबती, नदी आणि रीळ. ते रीळ जहाजावर नोकरी करणाऱ्या एका मित्राने आणून दिलेलं. सगळं धातूचं, वजनाला अर्ध्या विटेएवढं. एकदा ते गुडघ्याएवढ्या उंचीवरून खडकावर पडलं आणि एका बाजूला चेपलं. फिरकी घासायला लागली. अण्णांनी तो पोचा स्वतः ठोकून काढला, आत पितळेचा नवा गिअर कापून बसवला, आणि रिळावर त्यांचं आणखी प्रेम बसलं. "धातूला मार लागला की तो दिसतो, जावईबापू," ते मला म्हणाले. "तुमच्या मालासारखा एका दिवशी न सांगता मरत नाही."

बरं, आम्ही त्यांना लग्नानंतर दोन प्लास्टिकच्या बादल्या दिल्या होत्या. माझ्या ओळखीच्या कारखान्यातला चांगला जाड माल. अण्णांनी नखाने वाजवलं. टप्. त्यांनी कान जवळ नेला, पुन्हा वाजवलं. टप्. "काहीच बोलत नाही ही," म्हणाले.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पितृपक्ष लागला आणि सुनंदा माहेरून डोळे भरून आली. "अहो, बाबा नदीवर जाणं सोडणार म्हणतायत. मनगट दुखतं. त्या रिळाने हात भरून येतो. अंगठाही आखडलाय, फिरकी आवरत नाही." मी म्हटलं, "मग हलकं रीळ घ्यायचं." ती म्हणाली, "हलकं म्हणजे प्लास्टिकचं. ते बाबा हातात धरतील?"

त्या क्षणी खिशातलं वाक्य टोचलं. दोन्ही मशीन थंड पडलेली, गिऱ्हाईक कावळ्याची वाट बघत बसलेलं, आणि माझ्यापुढे चौदा दिवस मोकळे. मी ठरवलं, प्लास्टिकचं रीळ करायचं, ते अण्णांच्या हातात द्यायचं, आणि वाक्य परत घ्यायला लावायचं.

माप हवं होतं. रविवारी बेलवलीला गेलो. अण्णा जेवून खाटेवर आडवे झाले, घोरायला लागले. मी हळूच रीळ उचललं आणि व्हर्निअर लावला. घोरणं थांबलं. डोळे न उघडता अण्णा म्हणाले, "आधी शून्य तपासून घ्या. तुमच्या लायनीतले लोक तपासत नाहीत." आणि पुन्हा घोरायला लागले. मी शून्य तपासलं. खरंच केसभर चुकत होतं. सांगतो काय, असा माणूस वैरी म्हणून मिळायला भाग्य लागतं.

माझ्या शेजारच्या गाळ्यात लच्छूभाईचं लेथ होतं. गोरापान, जाड भिंगांचा सिंधी माणूस, बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण तपासायचा. मी नायलॉनचे रॉड घेऊन गेलो. "भाव बोलो," मी म्हटलं. तो म्हणाला, "साईं, श्राद्ध के दिनों में भाव नहीं बोलते." मी म्हटलं, "मग फुकट कर." तो म्हणाला, "इतना भी पवित्र नहीं हूँ." शेवटी चार डझन कंगव्यांवर सौदा ठरला. त्याने सांगाडा, बाजूच्या चकत्या आणि गिअर, सगळं नायलॉनमध्ये उतरवून दिलं.

राहिली फिरकी. ती मला स्वतः ओतायची होती. तेवढाही हात लावला नाही तर ते माझं कसं? माझ्याकडे बॉबिनची डाय होती. आकार जवळजवळ तोच. नायलॉनचा दाणा हवेतली ओल पितो, ओला ओतला तर मालात बुडबुडे येतात. म्हणून सुनंदाने तो घरी परातीत घालून मंद आचेवर वाळवला. शेजारीण डोकावली आणि म्हणाली, "काय गं, साबुदाणा भाजतेस?" सुनंदा म्हणाली, "नाही, बाबांची जिरवतोय." बाराव्या बॉबिनला मनासारखी फिरकी निघाली. पांढरीशुभ्र, हाताला कोमट. जोडलेलं रीळ वाण्याच्या तराजूत टाकलं, तर एका मोठ्या कांद्याला ते भारी होईना.

पंधरवडा अर्ध्यावर आला तेव्हा, सकाळी आठला, मी आणि अण्णा नदीवर. अण्णांनी माझ्या रिळाकडे बघितलंही नाही. आपलं लावलं, कणकेचा गोळा गळाला दाबला आणि फेकला. धातूची जड फिरकी एकदा सुटली की थांबायला तयार होत नाही. गोळा पाण्यात पडला तरी ती फिरतच राहिली, आखडलेला अंगठा वेळेवर टेकला नाही, आणि तंगूस, म्हणजे ती नायलॉनची दोरी, रिळावर सुगरणीच्या घरट्यासारखी फुगून बसली. सोडवायला पाव तास. दुसऱ्यांदा फेकलं. पुन्हा घरटं. तिसऱ्यांदा अण्णा नुसतं मनगट चोळत बसले. मलाच वाईट वाटायला लागलं, आणि वाईट वाटलं म्हणून राग आला.

"आता घेता का?" मी जवळजवळ ओरडलो.

"द्या," ते म्हणाले. "तेवढीच तुमच्या मनाला शांती."

पहिल्या फेकीला गोळा नदीच्या मध्यापार गेला. हलकी फिरकी, चटकन सुटली, अंगठा नुसता लागला आणि थांबली. अण्णा रिळाकडे बघत राहिले. मुका माणूस बोलल्यावर बघावं तसे. काहीतरी बोलणार होते, तोंड उघडलंही होतं, आणि तेवढ्यात काठी वाकली.

कटला मासा होता, पाच किलोच्या वरचा. अर्धा तास चालली झटापट. तो ओढायचा, अण्णा सोडायचे; तो दमायचा, अण्णा गुंडाळायचे. वयाने वाकलेला माणूस काठीच्या दुसऱ्या टोकाला मासा असला की कसा ताठ होतो, ते मी तेव्हा पाहिलं. मासा काठापासून दहा हातांवर आला, पाण्याखाली त्याचं रुपेरी अंग वळलेलं दिसलं, आणि रिळाची मूठ फिरायची थांबली.

"अडकलं!"

"काय अडकलं?"

"तुमचं प्लास्टिक अडकलं!"

मी पॅंटसकट नदीत. कमरेएवढ्या पाण्यात तंगूस हाताला गुंडाळली. ती तळव्यात रुतली, तेव्हा शर्ट काढून त्यावर गुंडाळली आणि कोपर-कोपर ओढत मासा काठावर आणला. खडकावर पडून मी धापा टाकतोय, शेजारी मासा धापा टाकतोय, आणि अण्णा दोघांकडे आळीपाळीने बघतायत.

"मासा आला की नाही?" मी म्हटलं.

"आला."

"मग माझं रीळ चाललं!"

"मासा तुमच्या हातांनी आला. हात तुम्हाला आईने दिलेत. त्यात प्लास्टिक कुठाय?"

मी उठलो, काठीवरून रीळ उपसलं, तंगूस दातांनी तोडली आणि जेवढं अंगात बळ होतं तेवढ्याने ते काळ्या खडकावर आपटलं. ते उडालं. माझ्या डोक्याइतकं उंच उडालं, खाली पडलं, पुन्हा उडालं, आणि घरंगळत अण्णांच्या पायाशी येऊन थांबलं. फुटलं नव्हतं. चरासुद्धा नाही. याच खडकावर त्यांचं रीळ गुडघ्याच्या उंचीवरून पडून चेपलं होतं.

अण्णांनी ते उचललं. नखाने वाजवलं. टप्. पण या वेळी त्यांनी कान नेला नाही, डोळे नेले.

"ही फिरकी कशाची डाय?"

"बॉबिनची. शिंप्याच्या दोऱ्याची."

"तेच. दोरा गुंडाळला की गप्प बसतो. तंगूस ताणून गुंडाळली की आतून आवळत जाते, प्रत्येक वेढ्याला. अर्धा तास हा मासा तुमच्या बॉबिनला आवळत होता. तिच्या कडा बाहेर फाकल्या आणि सांगाड्याला घासल्या." त्यांनी बोट कडेवरून फिरवलं. "सांगाडा चांगलाय. कडांना अॅल्युमिनियम पाहिजे. आणि गिअर नायलॉनचे चालणार नाहीत, दात झिजतील. उद्या येतो."

"कुठे?"

"तुमच्या कारखान्यात. अजून कुठे?"

घरी सुनंदा मासा कापत होती. हे ऐकून तिची विळी थांबली. "बाबा कारखाना म्हणाले? दुकान नाही म्हणाले?" मग आम्ही तिघे तो मासा दोन दिवस खात होतो, डोक्याचं कालवण अण्णांना, तळलेल्या तुकड्या मला, कारण दोन्ही तळवे फाटल्यामुळे मला काटे काढता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशीपासून अण्णा रोज कॅम्प चारला. दाण्याच्या गोणीवर बसायचे, नाकाला रुमाल लावून. तिसऱ्या दिवशी रुमाल खिशात गेला. मी त्यांना सांगितलं की नायलॉन थंड होताना आकसतं, म्हणून डाय मापापेक्षा मोठी करायची आणि वस्तू बरोबर मापाची निघते. त्यांनी डाय हातात घेऊन उलटसुलट केली. "म्हणजे वस्तू लहान होणार हे आधीच धरून चालायचं?"

"हो."

"म्हणजे डोकं लागतं की यात."

एवढंच. मी वाट बघितली, पुढे काही आलं नाही.

बाकी आम्ही नुसते भांडलो. स्क्रू पितळेचे की स्टीलचे, यावर एक सकाळ. मूठ प्लास्टिकची, यावर ते अडून बसले, मग थंडीत धातूची मूठ गार लागते हे त्यांनीच कबूल केलं. मी तापलो की पटकन तापायचो, ठिणग्या पडायच्या, पाच मिनिटांत गार. अण्णा वाकायचे, वाकायचे, आणि परत आपल्या जागी येऊन बसायचे. कधीकधी मला शंका यायची की आमच्यात धातूचा कोण आणि नायलॉनचा कोण. लच्छूभाईला मी न्याय करायला सांगितलं, तर तो माझं बटण चाचपत म्हणाला, "साईं, ससुर-दामाद का झगडा है. फैसला किया तो दोनों मुझे ही मारोगे." त्या आठवड्यात त्याच्या लेथवर पितळेचा सोनेरी भुगा पडायचा आणि माझ्या मशीनखाली नायलॉनचे पांढरे तुकडे. झाडताना दोन्ही एकाच सुपात यायचे.

सर्वपित्री अमावास्येला रीळ तयार झालं. सांगाडा, चकत्या, मूठ माझ्या नायलॉनची. फिरकीचा गाभा नायलॉनचा, कडा अॅल्युमिनियमच्या. गिअर अण्णांनी कानशीने दात लावलेले, पितळेचे. उद्यापासून फोन सुरू होणार, म्हणून त्याच दिवशी अण्णा नदीवर गेले. मी डबा घेऊन मागून गेलो.

काठावर लोक पानं वाढून बसलेले. भात, वडे, खीर, आणि झाडावर कावळे, पण खाली उतरायला एकही तयार नाही. ओल्या धोतरातले एक गृहस्थ वाट बघून कंटाळले होते, ते अण्णांजवळ येऊन उभे राहिले. मी पाच पावलांवर, झुडपामागे.

"हलकं दिसतंय. फॉरेनचं का?"

"कॅम्प चारचं."

गृहस्थ हसले. "उल्हासनगरचा माल? आणि प्लास्टिकचं? दिवाळी बघेल का?"

अण्णांनी गळ गुंडाळून घेतला. काठी खडकाला टेकवली. त्या शांत माणसाचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "माझे जावई प्लास्टिकमध्ये आहेत. त्यांनी हे खडकावर आपटून दाखवलंय. तुम्हाला काय कळतंय हो प्लास्टिकमधलं? डाय माहितीय? दाणा माहितीय? थंड झाल्यावर किती आकसतं, सांगा बरं!"

मी झुडपामागून बाहेर आलो. अण्णांनी मला पाहिलं, जराही चपापले नाहीत. "हे पाहा, हेच ते. सांगा त्यांना, जावईबापू. आणि गिअर माझे आहेत, तेही सांगा."

त्या रिळावर अण्णांनी पुढची नऊ वर्षं मासे धरले. माझी तक्रार अजून आहे, आणि ती रास्त आहे. चाळीस माणसांसमोर दिलेलं वाक्य त्यांनी एका अनोळखी माणसासमोर परत घेतलं. धंद्यात मी असा सौदा कधीच मान्य केला नसता. निदान वीस नातेवाईक तरी पाहिजे होते. ते मी त्यांना शेवटपर्यंत ऐकवलं आणि दर वेळी ते म्हणाले, "तो माणूस चाळिसांच्या तोडीचा होता. ओरडलो किती ते बघा ना."

पण त्या सकाळी मी नुसता डबा उघडला, भाकरी मोडून अण्णांना दिली. रीळ मधे खडकावर होतं. त्यांनी पितळेच्या बाजूला नख लावलं, टिंग. मग माझ्या बाजूला, टप्. आणि मान डोलावली, जुगलबंदी ऐकावी तशी. तेवढ्यात मागे पंख फडफडले. ते गृहस्थ आनंदाने ओरडले. कावळा झाडावरून उतरला होता आणि त्याने पानाला चोच लावली होती. कुणाची तरी राहिलेली इच्छा पुरी झाली, असं ते मोठ्याने म्हणाले.

आमचा त्यावर विश्वास नाही. तरी मी त्या कावळ्याला भाकरीचा तुकडा टाकला.